पगारस्लिपवरचे दोनशे रुपये

फेब्रुवारीचा पगार झाला की ऑफिसच्या दाराशी कोणीतरी येऊन उभं राहतंच. चार वर्षांपूर्वी सीएनसी मशीनवरचा एक मुलगा आला होता. लातूरकडचा, आयटीआय केलेला, आमच्याकडे लागून जेमतेम सहा महिने झालेले. हातात पगारस्लिप.

"ताई, दर महिन्याला दोनशे कापता. या वेळी तीनशे कसे?"

"अरे, पीटी आहे ती. व्यवसाय कर. फेब्रुवारीत तीनशेच असते."

"हो, पण कशासाठी?"

"सरकारला जाते."

"बरं," म्हणून तो मशीनवर गेला. मोठ्या माणसाकडून उत्तर मिळणार नाही हे कळल्यावर लहान मूल जसं बरं म्हणतं, तसं ते बरं होतं. माझ्या मनातून ते दिवसभर गेलं नाही. बारा वर्षं मी या माणसांच्या पगारातून ही रक्कम कापून भरत होते. चलन उशिरा गेलं तर दंड किती हे मला तोंडपाठ होतं. पैसे कशासाठी घेतात, हे मात्र मी कधी बघितलंच नव्हतं.

आमचं युनिट भोसरी एमआयडीसीत आहे. बाबांनी १९८८ मध्ये एका जुन्या लेथवर सुरू केलं. आज आम्ही गाड्यांच्या कंपन्यांना माल देणाऱ्यांना माल देतो, म्हणजे बुश आणि पिना असे छोटे सुटे भाग. माणसं ३८. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी, इथे सगळ्यांचीच असते तशी. बाबा आता येत नाहीत. मशीनचं माझा भाऊ बघतो. माणसं, पगार, कायदे माझ्याकडे.

त्या रात्री मी बसून वाचलं. दोनशेप्रमाणे अकरा महिने आणि एक महिना तीनशे, असे वर्षाचे २,५०० होतात. संविधानाच्या २७६व्या कलमाने व्यवसाय कराला वर्षाला २,५०० ची मर्यादा घातली आहे, म्हणून तो हिशोब फेब्रुवारीत तीनशे घेऊन पुरा करतात. इथवर ठीक. पण हा कर महाराष्ट्राने १९७५ मध्ये लावला तो रोजगार हमी योजनेसाठी, हे वाचलं आणि मी थांबले. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूर गावी आधी प्रयोग केला, मग १९७२ पासून योजना राज्यभर आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरात नोकरी करणाऱ्याने थोडे पैसे द्यायचे, जितके जमतील तितकेच सरकारने आपले घालायचे आणि खेड्यात ज्याच्या हाताला काम नाही त्याला मागेल तेव्हा काम द्यायचं. केंद्राचा रोजगार हमीचा कायदा २००५ मध्ये आला. आपण त्याच्या कितीतरी आधी हे केलं होतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी हे सांगितलं. फार तर पाच मिनिटं. कोणी ऐकेल असं मला वाटलं नव्हतं. आमचे एक जुने फिटर आहेत, माण तालुक्यातले, सगळे त्यांना मामा म्हणतात. ते कप खाली ठेवून म्हणाले, "माझी आई खडी फोडायला होती."

बाहत्तरच्या दुष्काळात मामा सात वर्षांचे होते. आई दुष्काळी कामावर जायची, धाकटी बहीण झाडाखाली झोळीत. मुलांना सुकडी मिळायची ती मामा घरी आणायचे. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी रेशनवर होती, तिच्या भाकरी. पुढे वडील रोजगार हमीवर पाझर तलावाच्या कामाला लागले आणि म्हणून मामांची शाळा दहावीपर्यंत सुटली नाही. मे १९७३ मध्ये राज्यात अशा दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. मामांनी तो आकडा कधी ऐकलेला नव्हता आणि मी खडी फोडणाऱ्या बाईचा मुलगा गेली वीस वर्षं रोज पाहत होते, तरी मला ते माहीत नव्हतं.

लातूरचा मुलगा नुसता ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे आमच्या आज्यालापण यातनंच मिळाले असतील."

तेव्हापासून दर महिन्याच्या शेवटच्या बुधवारी अर्धा तास आम्ही असं काहीतरी बोलतो. पहिली शिफ्ट सुटताना आणि दुसरी लागताना, सव्वातीन ते पावणेचार, मशीन बंद. तो अर्धा तास पगारी असतो. भावाने पहिल्याच महिन्यात हिशोब मांडला: ३८ माणसांचा अर्धा तास म्हणजे १९ तास, म्हणजे जवळपास अडीच माणसांची पुरी शिफ्ट. हिशोब बरोबर होता. तो खर्च मी मान्य केला आणि आजही तो मला जास्त वाटत नाही. मशीनमध्ये एकदा टूल ऑफसेट, म्हणजे हत्याराचं माप, चुकीचं भरलं तर याहून जास्त जातं, आणि त्यावर आम्ही कोणाची झोप उडवत नाही.

विषय साधेच असतात. पगारस्लिपनेच वर्ष गेलं. कामगार कल्याण निधीचे जून आणि डिसेंबरला पूर्वी १२ रुपये कापायचे, २०२४ पासून २५ कापतात, मालकाने त्याच्या तिप्पट भरायचे. त्या पैशांतून कामगार कल्याण मंडळ मुलांना शिष्यवृत्त्या देतं, केंद्रं चालवतं, नाट्यस्पर्धा भरवतं. आमच्यात कोणालाही हे ठाऊक नव्हतं. २०२३ मध्ये बायकांना २५,००० पगारापर्यंत व्यवसाय कर माफ झाला, तेव्हा पॅकिंगमधल्या सगळ्यांची कपात थांबली आणि मुलांनी "आम्हाला का नाही?" म्हणून विचारलं. त्यावर छान वाद झाला. एकीने म्हटलं, "घरी जाऊन जेवढं काम आम्ही करतो, त्याचा पगार लाव, मग मी भरते कर."

पाण्यावर एक बुधवार घालवला. आमच्या पिंपरी-चिंचवड शहराला नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी येतं. पाण्याच्या दिवशी सकाळच्या शिफ्टला हमखास चार-पाच जणांचे लेटमार्क पडायचे. आम्ही नकाशा काढला: पवना धरण, तिथून नदी, रावेतचा बंधारा, निगडीचं शुद्धीकरण केंद्र, मग टाकी, मग आपला नळ. लेटमार्क कोणत्या वस्तीतल्या माणसाला कोणत्या वारी पडतो, हे मला त्या नकाशावर पहिल्यांदा दिसलं. अशा चौघांना पाण्याच्या दिवशी अर्धा तास उशिरा यायची आणि तेवढंच उशिरा जायची मोकळीक दिली. हे सुचायला नकाशा काढावा लागला, याचं मला अजून वाईट वाटतं.

पण खरा मुद्दा मतदानाचा आहे आणि तिथे आधी आमची चूक सांगायला हवी.

२९ एप्रिल २०१९ ला लोकसभेचं मतदान होतं. आम्ही सुट्टी दिली आणि मोठ्या उत्साहाने जाहीर केलं की दुसऱ्या दिवशी बोटाची शाई दाखवणाऱ्यालाच त्या दिवसाचा पगार मिळेल. हेतू चांगला होता. सुपरवायझर सकाळी गेटवर बोटं बघत उभा राहिला. पॅकिंगमधली एक बाई पदरात हात घालून आत गेली. तिचा दिवस कापला गेला. दोन दिवसांनी दुसरीने मला सांगितलं: ती गेली होती, उन्हात दीड तास रांगेत उभी होती, ओळखपत्र हातात होतं आणि यादीत नाव नव्हतं. घरी परत पाठवलं. हे तिने गेटवर दहा पुरुषांसमोर सांगितलं नाही, याचं मला जरासुद्धा नवल वाटत नाही.

मग मी कायदा वाचला, जो आधी वाचायला हवा होता. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १३५ ब कलम १९९६ मध्ये आलं. लोकसभा किंवा विधानसभेला ज्याचं मत आहे त्याला मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यायची, पगार कापायचा नाही. रोजंदारीवरच्या माणसालाही हे लागू आहे. शाई दाखवण्याची अट कुठेही नाही. मोडणाऱ्या मालकाला दंड ५०० रुपयांपर्यंत. पुढच्या पगारात तिचे पैसे दिले आणि माफी मागितली. ती म्हणाली, "पैशाचं काही नाही ताई, नाव कुठं गेलं ते बघा."

नाव कुठं गेलं. आमच्या सगळ्या कामाची सुरुवात मी या वाक्यापासून धरते, पगारस्लिप नंतर आली.

ओळखपत्र असणं आणि यादीत नाव असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्यातल्या निम्म्या माणसांना माहीत नव्हतं. २०२४ च्या मार्चमध्ये आम्ही दोन बुधवार जेवणाच्या खोलीत बसून एकेकाचा ओळखपत्राचा नंबर मोबाइलवर टाकून पाहिला. २१ जणांची नावं गावाकडे. ११ जणांची इथे, त्यातल्या तिघांची जुन्या पत्त्यावर. सहा जणांची कुठेच नाहीत. तिच्यासह.

नवीन नावासाठी ६ नंबरचा अर्ज, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला ८ नंबरचा. आता वर्षात चार तारखांना अठरा पूर्ण झालेल्याला नाव नोंदवता येतं: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. हे सगळं सोपं आहे. अवघड आहे ते पत्त्याचा पुरावा. लांडेवाडीत, चिखलीत, मोशीत आमची माणसं भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि घरमालक करारनामा करून द्यायला तयार नसतो. बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक चालतं, पण त्यावर गावचा पत्ता. मग आधी पासबुकावरचा पत्ता बदलायचा. पगाराची खाती उघडून देताना मी स्वतः सगळ्यांचा गावचा पत्ता टाकला होता, आधारवर तोच होता म्हणून. खातं उघडताना मालकाने दहा मिनिटं जास्त दिली तर पुढे माणसाची एक रजा वाचते.

आणि मग गावाकडच्या एकवीस जणांचा प्रश्न. मी भाबडेपणाने म्हटलं, "नावं इकडे आणा ना, इथेच तर राहता." खोलीत शांतता. कोणी म्हणालं, रेशन जाईल. कोणी म्हणालं, घरकुलाच्या यादीतून काढतील. सातबारा जाईल अशीही एकाला भीती होती. सातबाऱ्याचा मतदार यादीशी काही संबंध नाही, हे मी समजावलं. पण मामांनी जे विचारलं त्याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं: "नाव हललं की ग्रामसभेत बसता येतंय का?"

येत नाही. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीतली माणसं. नाव हललं की गावच्या विहिरीवर, रस्त्यावर, शाळेच्या खोलीवर हात वर करायचा अधिकार गेला. ज्याची आई तिकडे आहे, दोन एकर तिकडे आहेत आणि म्हातारपणी जो तिकडेच जाणार आहे, त्याला मी कोणत्या तोंडाने सांगू की इथे नाव आण? दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही, तो गुन्हा आहे. सामान्यपणे जिथे राहता तिथे नाव असावं असं कायदा म्हणतो आणि तात्पुरतं बाहेर गेल्याने तो हक्क जात नाही असंही तोच म्हणतो. दहा वर्षं भोसरीत काढलेला माणूस तात्पुरता आहे की कायमचा, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. मी दोन्ही बाजू फळ्यावर लिहिल्या आणि ठरवायचं त्यांच्यावर सोडलं. सहा जणांनी नावं इकडे आणली. पंधरा जणांनी नाही. मामांनी नाही.

त्यामुळे आमच्यावर दोन जबाबदाऱ्या आल्या. पहिली, गावी जाऊन मत देता येईल इतकी सुट्टी. २०२४ च्या लोकसभेला इथलं मतदान १३ मेला होतं, पण लातूर, धाराशिव, सोलापूर, माढा ७ मेला. त्या दिवशी भोसरीत काही नव्हतं, मशीन चालू होत्या. आमच्या नऊ जणांचं मत त्या मतदारसंघांत होतं. मत जिथे आहे तिथली तारीख धरून सुट्टी द्यायची, काम कुठे करतो ते बघायचं नाही, म्हणून ७ मेला त्यांना पगारी रजा दिली. बीडची दोन मुलं १३ मेला गेली. विधानसभेला सोपं झालं, २० नोव्हेंबर बुधवार होता आणि गुरुवार आमची सुट्टी. मंगळवारी रात्री वल्लभनगरच्या स्टँडवर आमची अर्धी शॉप उभी होती म्हणे.

दुसरी जबाबदारी ग्रामसभेची आणि ती मला जास्त आवडते. गावोगाव ग्रामसभा प्रथेने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. कारखान्याला नेमक्या याच चार दिवशी पगारी सुट्टी असते! इतकी वर्षं आम्ही या चारही दिवशी झेंडावंदन करून दुपारी ओव्हरटाइम लावत होतो. तो ओव्हरटाइम बंद केला. भाऊ नाराज झाला, एका गिऱ्हाइकाचा माल एक दिवस उशिरा गेला. त्यानंतर आम्ही त्या चार तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच गिऱ्हाइकांना कळवतो.

आमच्या एका टर्नरने ई-ग्रामस्वराजच्या पोर्टलवर आपल्या गावचा खर्च पाहिला. आमच्याच प्रिंटरवर दोन पानं काढली आणि १५ ऑगस्टला घेऊन गेला. त्यात एका गटाराचं काम होतं, ते त्याच्याच गल्लीतलं आणि अर्धवट पडलेलं. त्याने उठून विचारलं. त्याला उत्तर मिळालं, "तू पुण्याला असतोस, तुला काय करायचंय?" तो परत आला तो पडेल चेहऱ्याने. पुढच्या बुधवारी त्याने हे सगळ्यांना सांगितलं. मामा म्हणाले, "२ ऑक्टोबरला परत जा. तेच कागद ने. बायकोला बरोबर घेऊन जा." तो गेला. बायको बोलली. गटार पुढच्या पावसाळ्याआधी झालं. कोणामुळे झालं याचा दावा तो करत नाही, मीही करत नाही.

बिहारची सहा मुलं आमच्याकडे आहेत. २०२५ च्या जूनच्या शेवटी तिकडे मतदार यादीची विशेष फेरतपासणी सुरू झाली आणि महिन्याच्या आत प्रत्येकाने अर्ज भरायचा होता. ही मुलं घाबरून गेली होती, घरून रोज फोन. मी त्यांना ऑफिसचा संगणक दिला, स्कॅनर दिला. मराठीत माहिती सांगायची सवय असलेल्या मला हिंदीतले अर्ज वाचताना घाम फुटला, पण एका मुलाला तिथली सगळी भाषा पाठ होती, त्यानेच बाकीच्यांचे भरले. १ ऑगस्टला कच्ची यादी आली तेव्हा राज्यात ६५ लाखांच्या आसपास नावं तिच्यात नव्हती. आमच्यातल्या पाच जणांची होती. सहाव्याचं नव्हतं, त्याने पुन्हा अर्ज केला आणि ते आलं.

मग ऑक्टोबरच्या अखेरीस छठ आणि मतदान ६ आणि ११ नोव्हेंबरला. दोनदा जाणं-येणं शक्य नाही. छठला गेलेले चौघं मतदान करूनच परतले. दोन लेथ जवळपास तीन आठवडे रिकामे होते. त्यातला मतदानाचा दिवस पगारी, बाकी त्यांच्या रजा. हा फटका आम्हाला खरंच बसला, दिवाळीनंतरचा माल आम्ही बाहेरून करून घेतला. माझ्या शेजारच्या युनिटवाल्यांनी विचारलं, "यातून तुम्हाला काय मिळतं?"

मला मोजून सांगता येत नाही. एक प्रसंग सांगते. गेल्या वर्षी एका बुशच्या नवीन ड्रॉइंगवर बाहेरच्या व्यासाची मर्यादा आणि आतल्या भोकाची मर्यादा एकमेकांशी जुळत नव्हती. गिऱ्हाइकाकडून आलेलं ड्रॉइंग, आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं. पहिल्या शिफ्टला हेल्पर म्हणून लागलेल्या मुलीने गेज हातात घेऊन सुपरवायझरला विचारलं, "हे असं बसेल कसं?" हजार नगांचा लॉट लागायचा होता. तिने हे बुधवारच्या चर्चेमुळे विचारलं असं मी म्हणणार नाही. पण विचारल्यावर कोणी "तुला काय करायचंय?" म्हणणार नाही, हे तिला माहीत होतं.

त्याच शेजाऱ्यांनी एक इशाराही दिला: "आज ग्रामसभा शिकवताय, उद्या युनियन करतील." करतील कदाचित. संघटना करायचा हक्क संविधानाने दिलाय, ट्रेड युनियनचा कायदा १९२६ मध्येच आला होता. माझ्या माणसांना त्यांचे हक्क माहीत नसण्यावर माझा कारखाना उभा असेल तर मला तो असा चालवायचा नाही. हे मी त्यांना असंच सांगितलं. मोठ्या कंपन्यांना मात्र माझं वेगळं सांगणं आहे. सामाजिक जबाबदारीच्या निधीत कर्मचाऱ्यांसाठी केलेली कामं धरत नाहीत, म्हणून हा विषय तुमच्या कोणत्याच तक्त्यात बसत नाही. तक्ता बाजूला ठेवा. तुमच्याकडे हजारो माणसं आहेत, बसायला सभागृह आहे, कायदा जाणणारी माणसं पगारावर आहेत. आमच्याकडे जेवणाची खोली आणि एक फळा.

या सगळ्यात एक रेघ आम्ही ओढली आहे आणि ती मी जिवापाड जपते. पक्षाचं आणि उमेदवाराचं नाव कारखान्याच्या गेटच्या आत येत नाही. मी कोणाला मत देते हे मी सांगत नाही, त्यांना विचारत नाही. बुधवारी न बसणाऱ्याला कोणी काही बोलत नाही. मालकाच्या हातात पगार असतो, म्हणून मालकाची साधी शिफारससुद्धा दडपण होते.

याची परीक्षा २०२६ च्या जानेवारीत झाली. शहराला २०२२ च्या मार्चपासून नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे. जवळपास नऊ वर्षांनी महापालिकेची निवडणूक लागली. एके दिवशी संध्याकाळी तिघं जण ऑफिसात आले, अदबीने बोलले, "ताई, शिफ्ट बदलताना फक्त पाच मिनिटं द्या. चाळीस घरं आहेत तुमच्याकडे." चाळीस घरं माझ्याकडे नाहीत. मी चहा दिला आणि नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुसरे आले, त्यांनाही तेच. त्यातल्या एकाने जाताना माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मी त्या रात्री नीट झोपले नाही, हे खरं आहे. आमचं काम रोज या लोकांच्या रस्त्यावरून जातं. काही झालं नाही.

या निवडणुकीत एक अडचण होती. ३२ प्रभाग, १२८ जागा, म्हणजे एका प्रभागात चार. प्रत्येक मतदाराने चार मतं द्यायची. आमच्यातल्या अर्ध्या मुलांचं हे पहिलंच महापालिकेचं मतदान, त्यांना वाटत होतं एकच बटण. टूलरूमच्या मुलाने पुठ्ठ्याची चार पॅनेलं बनवली. उमेदवारांच्या जागी नावं घातली ड्रिल, टॅप, रीमर, गेज आणि शेवटी 'नोटा', म्हणजे यांपैकी कोणीच नाही. सगळ्यांनी एकेकदा जाऊन चार-चार बटणं दाबली. रीमर प्रचंड मतांनी निवडून आला.

आणि तरीही चुकलं. महापालिकेसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली गेली. आमच्या चौघांचे अर्ज सप्टेंबरमध्ये गेले होते. जूनमध्ये ऑर्डरींची घाई होती म्हणून तो बुधवार मी पुढे ढकलला होता. चार माणसांचं मत माझ्या त्या एका बुधवारात गेलं. त्यात ती पॅकिंगवाली बाई नव्हती, तिचं नाव २०२४ मध्येच आलं होतं, पण बाकीच्या चौघांच्या समोर मला त्या दिवशी उभं राहवेना. आता अर्जांचा बुधवार मी मार्चमध्ये ठेवला आहे आणि तो कोणत्याही ऑर्डरसाठी हलणार नाही.

१५ जानेवारी, मतदानाचा दिवस, गुरुवार होता. आमची सुट्टीच. आदल्या दिवशी संक्रांत, म्हणून बरेच जण दोन दिवस गावी जातील अशी मला धास्ती होती. इथे नावं असलेले बहुतेक थांबले. मी सकाळी मत देऊन आले, आणि एक फाइल राहिली होती म्हणून कारखान्यात गेले. गेट वॉचमनने उघडलं.

वॉचमन एजन्सीचा. बारा तासांची ड्यूटी, सकाळी आठ ते रात्री आठ. चार वर्षांत तो एकाही बुधवारी आमच्यात बसलेला नव्हता, कारण आम्ही बसतो तेव्हा तो गेटवर असतो. त्याचं नाव आम्ही कधी मोबाइलवर टाकून पाहिलं नाही. ३८ मध्ये मी त्याला धरलंच नव्हतं.

मी विचारलं, "काका, मत कुठंय तुमचं?"

"चिखलीत हाय की. पण इथून कसं जाणार?"

स्कूटरची किल्ली त्यांना दिली आणि मी त्यांच्या खुर्चीवर बसले. दुपारचे दोन वाजले होते. गेटवरून आमचा कारखाना कसा दिसतो ते मी पहिल्यांदा पाहिलं. पत्र्याच्या शेडची सावली खुर्चीपर्यंत येत नाही, पंखा नाही, पिण्याच्या पाण्याचा माठ आत, दूर. कुत्री दोन आहेत, ती त्यांची ओळखीची, माझ्यावर भुंकत राहिली. पावणेचारला ते परत आले. रजिस्टर उघडून गेल्याची आणि आल्याची वेळ स्वतःच्या अक्षरात लिहिली. मी उठले.

"चारही दाबलीत का?" मी विचारलं.

"चार?" ते म्हणाले. "एक दाबून मी निघालोच होतो. आतल्या मॅडमनं परत बोलावलं."